साठच्या पुढे बोट डावी-उजवी डोलते, प्रॉप बदलू की अजून काही?

लेकवरचा_लंबू:
नमस्कार मंडळी. इथे बोटवाले किती असतील देव जाणे, पण इंग्लिश ग्रुपवर विचारलं तर पहिल्या तीन उत्तरांत बोट विकून टाक असा सल्ला मिळाला, म्हणून आपल्या माणसांत येऊन विचारतोय.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. मार्चमध्ये एक जुनी १८ फुटी बोट घेतली, १९८८ ची, हलकी, पॅड-व्ही हल (तळ व्ही आकाराचा, मधे सपाट पट्टी), मागे मर्क्युरीचं २.५ लिटरचं व्ही-६ टू-स्ट्रोक, २०० एचपी. मेकॅनिकल जॅक प्लेट (इंजिन वर-खाली करायची) आहे, स्टीअरिंग सिंगल केबलचं, प्रॉप (मागचा पंखा) तीन पात्यांचा स्टेनलेस २६ पिचचा, म्हणजे एका फेरीत कागदोपत्री २६ इंच पुढे. याआधी आयुष्यात फक्त भाड्याची पाँटून बोट चालवलीय, म्हणजे तरंगता सोफाच तो.

ताशी ५५ मैलांपर्यंत बोट एकदम शहाणी. ६० च्या पुढे ट्रिम (इंजिनचा तिरकेपणा) वर दिला की नाक उचलतं, मजा येते, आणि मग एकदम डावीकडे पडते, मग उजवीकडे, मग परत डावीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात. परवा लुईसव्हिल लेकवर घाबरून मी थ्रॉटल एकदम सोडला तर नाक खाली आपटलं आणि बोट गर्रकन वळली. बायको बाजूला बसली होती. ती उतरून सरळ गाडीत जाऊन बसली, अजून त्या विषयावर बोलत नाहीये.

जीपीएसवर जास्तीत जास्त ६४ मैल दिसलेत, ५७०० आरपीएमला. रॅम्पवर एक जण म्हणाला २८ पिचचा प्रॉप लाव, सत्तरी गाठशील. लावू का? की हे डोलणं म्हणजे हलमध्येच काहीतरी प्रॉब्लेम आहे?

टू_स्ट्रोक_तात्या:
लंबूशेठ, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही. प्रॉपला हात लावू नकोस. याला चाईन वॉक म्हणतात आणि पॅडवाली प्रत्येक चांगली बोट कुठल्या ना कुठल्या स्पीडला हे करते. मी टेनेसीत अकरा वर्षं असल्याच बोटी चालवतोय, माझ्या पहिल्या बोटीने मला ५८ लाच नाचवलं होतं.

होतं काय बघ. खालून बघितलीस तर हलच्या मधोमध मागच्या बाजूला एक सपाट पट्टी दिसेल, तोच पॅड. हळू असताना आख्खा व्ही पाण्यात असतो त्यामुळे बोट आपोआप सरळ बसते. वेग वाढला आणि ट्रिम वर दिलास की हल पाण्यातून वर येते आणि शेवटी सगळी बोट त्या वीतभर रुंद पट्टीवर तोललेली असते. त्यात प्रॉप मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची उलटी प्रतिक्रिया म्हणून हल डावीकडे कलते. म्हणून पहिला झोका बहुतेक वेळा डावीकडेच. असल्या बोटींत ड्रायव्हरची सीट उजवीकडे असते त्याचं हे एक कारण.

आता खरा गुन्हेगार. तुझी सिंगल केबल, आणि तीही बहुतेक जुनीच. बोट ट्रेलरवर असताना इंजिन खाली सोड, कुणाला तरी चाक घट्ट धरायला सांग आणि तू मागे जाऊन लोअर युनिट (इंजिनचा पाण्यातला खालचा भाग) हाताने डावी-उजवी हलव. चाक न हलता प्रॉप किती हलतो ते टेपने मोज. पाव इंच असेल तरी मला झोप येत नाही, अर्धा इंच असेल तर ६० च्या पुढे जायचंच नाही. कारण त्या ढिलाईत इंजिन स्वतःच्या मर्जीने वळतं, तू दुरुस्त करायला जातोस तोपर्यंत बोट दुसऱ्या बाजूला निघालेली असते आणि तुझी दुरुस्ती पुढच्या झोक्यालाच जाऊन मिळते. पाळण्याला चुकीच्या वेळी धक्का दिल्यासारखं. ड्युअल केबल किंवा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) स्टीअरिंग कर, प्रॉपचे पैसे त्यात घाल.

चालवताना चाक करवतीसारखं पुढेमागे करायचं नाही. एका बाजूला सतत हलका दाब ठेवायचा म्हणजे उरलीसुरली ढिलाई तिकडेच खाल्ली जाते, आणि बोट कलायला लागली असं बुडाला जाणवलं की तेव्हाच अगदी बोटभर दुरुस्ती. डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलास तर उशीर झाला. हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ट्रिम थोडा खाली आणि थ्रॉटल हळूहळू कमी. सोडायचा नाही!! तू जे केलंस ते परत करू नकोस, पुढच्या वेळी बोट गर्रकन वळेल आणि तू सरळच जाशील.

आणि शिकायचं कसं तर बोट ज्या स्पीडला डोलायला सुरुवात करते त्याच्या दोन मैल खाली दहा-दहा मिनिटं चालव. मग एक मैल वर. एकटाच, सपाट पाण्यात. मला ६० चे ७५ व्हायला दीड सीझन लागला.

मापात_पाप_नको:
तात्यांना अनुमोदन, मी फक्त आकडे सांगतो. तुझ्या इंजिनचा गिअर रेशो १.८७ असणार, म्हणजे इंजिन १.८७ वेळा फिरलं की प्रॉप एकदा (तरी केसवर बघून घे). आरपीएम गुणिले पिच, भागिले रेशो, भागिले १०५६. हे १०५६ कुठून आले तर मैलात ६३,३६० इंच, भागिले ६०. तुझं ५७०० गुणिले २६ करून हिशोब केला तर ७५ मैल येतात. म्हणजे प्रॉप अजिबात घसरला नसता तर ७५. तुला मिळतायत ६४. स्लिप जवळजवळ १५ टक्के. अशा हलला १० च्या आसपास यायला हवी, म्हणजे याच प्रॉपवर, याच आरपीएमला ६७ तुझ्या खिशात आहेत. २८ चा लावलास तर इंचाला दीडशे-दोनशे आरपीएम जातील, इंजिन दमेल, आणि स्लिप होती तिथेच राहील.

आधी उंची मोज. बोट ट्रेलरवर, चार फुटी लेव्हलपट्टी घेऊन पॅडला खालून टेपने चिकटव, मागे इंजिनपर्यंत येईल अशी. प्रॉप शाफ्ट पॅडला समांतर होईल इतका ट्रिम कर आणि पट्टीपासून शाफ्टच्या मध्यापर्यंत किती इंच खाली आहे ते बघ. पहिल्या मालकाने ५ इंच खाली ठेवलं असेल तर लोअर युनिट पाण्यात नांगरासारखं ओढतोयस. साडेतीन-चारपासून सुरुवात करायची आणि पाव-पाव इंच वर. प्रत्येक वेळी दोन्ही दिशांना रन, जीपीएस स्पीड, आरपीएम, पाण्याचं प्रेशर, टाकीत पेट्रोल किती, सगळं वहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय बदलल्याने काय झालं कळत नाही, माझा एक आख्खा उन्हाळा असा गेलाय.

वॉटर प्रेशर गेज नसेल तर आधी तो बसव, जॅक प्लेटला त्यानंतरच हात लाव. तुझ्या स्टँडर्ड लोअर युनिटला इंजिन थंड करायचं पाणी घ्यायची भोकं बाजूला, वरच्या अंगाला असतात. इंजिन वर केलं की ती उघडी पडतात आणि पाण्याऐवजी हवा जाते. टू-स्ट्रोक पिस्टन चिकटायला फार वेळ घेत नाही. मी फुल थ्रॉटलला १२ पीएसआयच्या खाली जाऊ देत नाही, लोक १० म्हणतात. त्याहून वर जायचं तर पुढून, खालून पाणी घेणारी नोजकोन हवी, पण ते ८०-८५ च्या गोष्टी करशील तेव्हा. त्या स्पीडला साध्या लोअर युनिटच्या एका बाजूला हवेचा पोकळा तयार होतो, प्रॉपची पकड एकदम सुटते, त्याला ब्लोआउट म्हणतात. वाचूनच ठेव सध्या.

कोपऱ्यातला_कावळा:
एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड जेट स्की आली असती आणि वहिनी बोलत असत्या.

टू_स्ट्रोक_तात्या:
कावळ्या, जेट स्कीवर बसून पॅडची मजा नाही कळायची रे.

वेंगुर्ल्याचा_तांडेल:
मी सिंधुदुर्गात टुरिस्ट बोटी चालवतंय, आमच्याकडे एवढा स्पीड नाय, लाटाच मारून टाकतील. आमचे ओबीएम, म्हणजे मागे लावायची इंजिनं, ४० नायतर ६० एचपीचे. पण दोन गोष्टी सांगतंय त्या सगळीकडे सारख्याच.

एक, ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची फळी, जिला इंजिन लावलेलं असतं. १९८८ ची फायबरची बोट म्हणजे आत प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी मुरतं आणि आतून लाकडाचा चहातला बिस्किट होतो, बाहेरनं रंग चकाचक. इंजिन अर्धं वर उचल, लोअर युनिटवर पोटाने भार टाकून दाब आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघत बसव. वरची कड मागेपुढे झाली, नायतर बोल्टाच्या वायसरी आत रुतलेल्या दिसल्या, तर स्टीअरिंग, प्रॉप सगळं राहू दे. हातोडीच्या दांड्याने ठोकून पण बघ, चांगलं असेल तर टणक वाजतं, कुजलेलं असेल तर ढब. तुमची जॅक प्लेट इंजिनला अजून मागे नेते, म्हणजे तरफ लांब, ट्रान्समवर ओढ अजून जास्त.

दुसरी, किल कॉर्ड. तो लाल वायर, माणूस पडला की इंजिन बंद करणारा. आमच्याकडचा एक पोरगा तो हुकाला अडकवून ठेवायचा, अंगाला नाय. लाटेवर उडाला, पडला पाण्यात, बोट आपली गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येत होती. दुसऱ्या बोटीने दोर टाकला म्हणून वाचला, पायाला पंखा लागलाच. अठरा टाके. तेव्हापासून माझ्या बोटीत कॉर्ड मांडीला लावल्याशिवाय चावी फिरत नाय.

मापात_पाप_नको:
तांडेलदादा, ट्रान्समचं मी विसरलोच होतो, आभार. लंबू, कॉर्ड तुझ्याकडे कायदाच आहे, १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटीवर प्लेनवर (वेगात पाण्यावर उचलून सरपटत) असताना लावलीच पाहिजे. आणि टेक्सासात बोटर एज्युकेशनचा कोर्स १ सप्टेंबर १९९३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच सक्तीचा आहे. तू त्यातून सुटत असलास तरी कर, ऑनलाइन होतो. लाइफ जॅकेट साधं नको, ७० ला पाण्यावर पडलास की ते अंगावरून सोलून निघतं, रेसिंगवाल्यांचं जाड घे.

लेकवरचा_लंबू:
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी.

ट्रान्सम ठोकून, दाबून बघितला, टणक. तांडेलदादा, देव पावला. स्टीअरिंगची ढिलाई मोजली तर पाऊण इंच!! मुलगा चाक धरून बसला होता, म्हणाला बाबा मी हलवलंच नाही. अर्धी ढिलाई तर टिल्ट ट्यूबजवळच्या (केबल इंजिनला जाते ती नळी) लिंकच्या जॉइंटमध्येच होती, नट हाताने फिरत होता. विकणाऱ्याने "सगळं नुकतंच चेक केलंय" असं तोंडावर सांगितलं होतं मला. हायड्रॉलिक बसवलं, दोन शनिवार गेले, हवा काढता काढता गॅरेजभर तेल.

प्रॉप शाफ्ट पावणेपाच इंच खाली निघाला. गेज बसवून चारवर आणला. काल मंगळवारी सुट्टी टाकून पहाटे रे रॉबर्ट्सला गेलो, पाणी आरशासारखं, बोट लेन सोडून कुठेही वळलो नाही कारण बाजूला पाण्यात झाडांचे बुंधे उभे आहेत. ६१ ला डोलायला लागली, तात्या म्हणाले तसं दाब ठेवून बोटभर दुरुस्ती, आणि तिसऱ्या-चौथ्या रनला कधीतरी ती डोललीच नाही. म्हणजे मला कळलंच नाही मी काय केलं. ६६ दिसले, ५७०० लाच, प्रेशर १६. हिशोबाने स्लिप १२ वर आली ना?

बायकोला घरी व्हिडिओ दाखवला. म्हणाली कॉर्ड कुठे लावलीय ते दिसत नाहीये यात.

आता पुढचा पाव इंच वर जाऊ की आधी मागचं वजन कमी व्हावं म्हणून बॅटरी पुढे हलवू? दोन्ही एकदम करत नाही, शपथ.