अ‍ॅडम्सना जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष म्हणून का चालले?

परळची वाचक
स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. काल दादरच्या अभ्यासिकेत यावरून चांगलीच जुंपली. १७९६ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉन अ‍ॅडम्स जिंकले आणि त्यांच्याविरुद्ध लढलेले थॉमस जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष झाले. समझोता होता की नाइलाज?

गिरगावचे मास्तर (निवृत्त)
ताई, नाइलाज. उपराष्ट्राध्यक्षासाठी तेव्हा वेगळं मतदानच नव्हतं. प्रत्येक निर्वाचकाला (राष्ट्राध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी) दोन मतं, दोन्ही राष्ट्राध्यक्षपदाचीच. पहिला आला तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपराष्ट्राध्यक्ष. अ‍ॅडम्सना ७१, जेफरसनना ६८. अ‍ॅडम्सच्याच फेडरलिस्ट पक्षाचे थॉमस पिंकनी ५९ वर अडकले, कारण त्या पक्षाच्या बऱ्याच निर्वाचकांनी दुसरं मत भलतीकडे टाकलं. घटना लिहिणाऱ्यांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते.

खरं वितुष्ट आलं १७९८ ला. फ्रान्सशी युद्ध पेटणार अशी हवा होती, त्यात अ‍ॅडम्सनी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकार, संसद, राष्ट्राध्यक्ष यांची बदनामी केली की तुरुंग. उपराष्ट्राध्यक्षाचा त्यात उल्लेखच नाही, म्हणजे जेफरसनना खुशाल शिव्या घाला! जेफरसननी केंटकी राज्यासाठी या कायद्याविरुद्धचे ठराव लिहून दिले, तेही नाव लपवून. कायदा अन्यायाचाच होता. पण उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं आणि आडून लिहायचं, हे मला आजही पटत नाही.

मुलुंडकर
सर, इथे मी जेफरसनच्या बाजूने. उघड लिहिलं असतं तर तेच आत गेले नसते कशावरून? व्हर्माँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना याच कायद्याखाली चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. आपल्या हायकोर्टात १९०८ ला टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षं सुनावली, त्या दालनाबाहेरची पाटी मी वाचली आहे. असल्या कायद्यापुढे नाव लपवणाऱ्याला मी तरी भित्रा म्हणणार नाही.

ताई, परीक्षेसाठी पुढचंही बघून ठेवा. १८०० ला जेफरसन आणि त्यांचेच सहकारी आरॉन बर यांना ७३-७३ मतं पडली. बरोबरी झाल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेली; तिथे ३६ वेळा मतदान झालं तेव्हा कुठे निकाल लागला. म्हणून १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती, दोन्ही पदांना वेगळं मत.

परळची वाचक
खूप आभार दोघांचे. मग त्यानंतर भांडणं मिटली का?

गिरगावचे मास्तर (निवृत्त)
छे! राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून यांच्याबद्दल वाचा. १३ एप्रिल १८३० च्या मेजवानीत जॅक्सननी पेला उंचावून संघराज्य टिकलंच पाहिजे असं बजावलं, आणि कॅल्हून उठून म्हणाले, आधी स्वातंत्र्य, मग संघराज्य; रोख राज्यांच्या हक्कांकडे. कॅल्हूननीही १८२८ ला केंद्राच्या आयातकराविरुद्ध निनावीच लिहिलं होतं. पण १८३१ ला स्वतःच्या नावाने भूमिका मांडली आणि डिसेंबर १८३२ मध्ये राजीनामा देऊन सिनेटमध्ये गेले. त्यांचे गुलामगिरीबद्दलचे विचार मला अजिबात मान्य नाहीत. मुलुंडकर, तुमचा लायनचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.