शब्दचर्चा : चूक पोटात घालणे

महालकर :
परवा नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या अडतीवर होतो. मुनिमानं पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, एका शेतकऱ्याच्या मालाचं वजन कमी लिहिलं होतं. शेतकरी परत आला तसा मुनिमाचा चेहरा उतरला. पण शेतकरी म्हणाला, "होते बाप्पा. रातभर जागल्यावर कोनाची नजर जाग्यावर राहीन? पट्टी तेवढी सुधरवून द्या." माझ्या शेजारचे म्हणाले, चूक पोटात घातली. पट्टी दुरुस्त करून घेतली, मग पोटात काय घातलं?

धंतोलीकर :
चूक घातली, पैसे नाही! त्यानं क्षमा केली, माफ केलं नाही, असं म्हणा. 'माफ' अरबीतून आलेला, देण्याघेण्यातून सूट देणारा शब्द. म्हणून कर्जमाफी, फीमाफी. कर्जक्षमा कोणी म्हणत नाही. 'क्षम्' म्हणजे सोसणं. हिशोब तिथं चुकता करूनही क्षमा होते.

इतवारीकर :
'घालणे' या क्रियापदाकडे पाहा. चूक पदरात घालणे म्हणजे समोरच्याला ती कबूल करायला लावणे. चूक पोटात घालणे नेमकं उलट. क्रियापद एकच, जागा बदलली. आणि 'पोटात ठेवणे' तिसरंच, गुपित राखणे. ठेवलेलं भांडणात बाहेर निघतं, हे घरोघरी ठाऊक आहे. आमच्या भागात जैन मंडळी संवत्सरीला, म्हणजे त्यांच्या क्षमा मागायच्या दिवशी, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. माझं दुष्कृत मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. तिथे मागणाराच पुढे येतो.

महालकर :
मग कानाडोळा?

इतवारीकर :
कानाडोळ्यात दिसूनही न दिसल्यासारखं करायचं. त्या शेतकऱ्यानं चूक सरळ दाखवली, म्हणून तो कानाडोळा नाही. माझ्या मते कानाडोळ्यात माया कमी, कटकट टाळणं जास्त. नगरपालिका अतिक्रमणाकडे करते तो कानाडोळाच. तिनं पोटात घातलं असं म्हणून पाहा, हसू येईल.

धंतोलीकर :
एक भर. 'पोटात घाला' ही विनंती सहसा खालून वर जाते, लेकरू आईला म्हणेल, भक्त देवाला. साहेब शिपायाला म्हणणार नाही. तिथे फार तर 'सॉरी हं'. म्हणून त्या मुनिमापुढे शेतकऱ्याचा मोठेपणा उठून दिसला.

महालकर :
पटलं. 'सांभाळून घ्या' कुठे बसवायचं?

इतवारीकर :
ते चूक व्हायच्या आधीचं. नवीन माणूस कामावर आला की म्हणतो. पाठवणीच्या वेळी मुलीकडचे म्हणतात, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. जावयासाठी मात्र कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.