कर्जाचा ताण आणि पोरांवरची चिडचिड

'मुलांना मारणं हा काही समाजांचा स्वभावच असतो' असं एक मत वाचलं, ते मला पटलं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत शेती बुडाली, जमिनींचे भाव कोसळले, कर्जं डोईजड झाली. समाजशास्त्रज्ञ रँड काँगर यांनी तेव्हा तिथल्या आयोवा राज्याच्या ग्रामीण भागातली गोरी कुटुंबं अभ्यासली: आधी पैशाची ओढाताण, मग नवरा-बायकोत खटके, शेवटी राग मुलांवर. पुढे आयोवा आणि जॉर्जिया या अमेरिकी राज्यांतल्या कृष्णवर्णीय घरांतही साधारण हीच साखळी दिसली. त्यांना वर्णभेदाचा जाच वरून, तो वेगळाच.

माझी नोकरी गेली त्या महिन्यात दूध सांडलं म्हणून मी लेकीला फटका दिला होता. जेमतेम अर्धा कप दूध होतं.