'मातबर गिऱ्हाईक' म्हणजे नक्की कोण?

माझे मामा कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफी पेढीवर दिवाणजी होते. एखादं गिऱ्हाईक पायरी चढताना दिसलं की पोऱ्याला हळूच सांगायचे, "मातबर गिऱ्हाईक हाय, गादीवर बसीव." परवा पुतणीनं विचारलं, "काका, मातबर म्हणजे व्हीआयपीच ना?" हो म्हणणार होतो, पण थांबलो.

कारण मामा ज्यांना मातबर म्हणायचे, त्यांतले कितीतरी जण दिसायला साधे. धोतराला शेताची माती, पायात झिजलेलं पायताण. उलट मोटारीतून येणाऱ्या एकाला ते कायम 'तालेवार' म्हणत, मातबर कधीच नाही.

फरक शब्दांच्या मुळातच आहे. 'मातबर' आला अरबी 'मुअ्तबर'वरून, फारसीच्या वाटेनं. मूळ अर्थ भरवशाचा, ज्याचा शब्द मानावा असा. 'एतबार' त्याच घरातला. श्रीमंत हा अर्थ मागाहून चिकटला. तालेवारातला 'ताले' म्हणजे नशीब. ज्याचं नशीब उघडलं तो तालेवार. भरवशाचा तिथं संबंध नाही. गब्बर तर नुसता पैसा.

पेढीचा व्यवहार बघितला की हे नीट कळतं. मातबर गिऱ्हाईक रोख देतच नसे. लेकीच्या लग्नाचा साज, पुतळ्यांची माळ, पाटल्या, सगळं खात्यावर लिहून घरी जायचं. गुळाची पट्टी, म्हणजे विकलेल्या गुळाचे पैसे, हातात आली की हिशेब मिटायचा. रोख मागायची ती अनोळखी माणसाकडं. संस्थान होतं तोवर जहागीरदार, इनामदार हे ओघानंच मातबर. पण मामांच्या वहीत त्यांच्याच रांगेत दहा-बारा एकरांचा शेतकरीही असायचा. मला हे फार मोलाचं वाटतं. म्हणून पुतणीचा 'व्हीआयपी' काय किंवा 'उच्चभ्रू ग्राहक' काय, हा अर्थ मला अपुरा वाटतो. त्यात गिऱ्हाइकाचा थाट येतो, पत येत नाही.

जोडीला 'असामी'ही बघा. 'बडी असामी' आपण म्हणतो. अरबीत 'इस्म' म्हणजे नाव आणि 'असामी' हे त्याचंच अनेकवचन. आपला 'इसम'ही तिथलाच. पंचनाम्यात 'एक इसम', पेढीवर 'बडी असामी'. एकाच शब्दाच्या दोन रूपांच्या वाट्याला मराठीत किती वेगळा मान आला!

आता 'मातबर' बोलण्यात उरलाय तो बहुतेक "त्यात काय मातबरी?" एवढ्यापुरता. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत ज्यांच्या घरी गुळाची अडत होती, त्यांनी जरूर सांगावं: खात्यावर उचल देताना तिथंही शेतकऱ्याला 'मातबर'च म्हणत, का तिथला शब्द वेगळा होता?