गोल्फच्या सेटअपमध्ये, म्हणजे फटक्याआधी उभं राहताना, हात नेमके कुठे हवेत? बॉलच्या पुढे (टार्गेटच्या बाजूला), बरोबरीने की मागे?

नवा_स्टान्स

उजव्या हाताने खेळतो. ‘हात बॉलच्या पुढे ठेवा’ हे जो तो सांगतो, पण पुढे म्हणजे किती, ते कुणीच सांगत नाही. सध्या सात नंबर आयर्न, सँड वेज आणि ड्रायव्हर, या तिन्ही क्लबना हात डाव्या मांडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेतो. सात नंबरचा बॉल फार खालून जातो आणि उजवीकडे निघतो. वेज बॉलच्या मागेच जमिनीत रुततो. ड्रायव्हरने स्लाइस, म्हणजे बॉल हवेत उजवीकडे वळतो. पकड न्यूट्रल आहे, वरून पाहिलं तर डाव्या हाताच्या दोन गाठी दिसतात.

विचारायचं हे, की हात पुढे किती, अंगापासून लांब किती आणि उंचीला किती? प्रत्येक क्लबला वेगळे का?

लीडिंग_एज

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. हात गरजेपेक्षा दुप्पट पुढे गेलेत.

सात नंबर साधारण ९४ सेंमी लांब असतो. ग्रिपचं, म्हणजे धरायच्या भागाचं, वरचं टोक क्लबच्या डोक्यापेक्षा ८ सेंमी पुढे नेलं, की शाफ्ट (दांडा) जवळपास ५ अंश झुकतो. ८ सेंमी म्हणजे जोडलेल्या चार बोटांची रुंदी. आयर्नला एवढं भरपूर झालं, तीन बोटं असली तरी चालेल. ग्रिपचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूकडे बघायला हवं. तुम्ही ते मांडीच्या बाहेरच्या कडेला नेता, म्हणजे १५-१६ सेंमी, म्हणजेच १० अंश. शाफ्ट जितके अंश पुढे झुकतो तितके अंश लॉफ्टमधून, म्हणजे बॉलला लागणाऱ्या फेसच्या कलातून, जातात. ३२ अंशांचा सात नंबर २२ अंशांवर आला, म्हणजे हातात जवळपास चार नंबर धरून उभे आहात. बॉल खालून जाणारच.

वेजमध्ये लॉफ्टच्या जोडीला बाउन्सही जातो, म्हणजे तळ जमिनीवरून घसरू देणारा कोन. १२ अंश बाउन्सचा सँड वेज १२ अंश पुढे झुकवला की बाउन्स शून्य. तळ घसरायच्या ऐवजी लीडिंग एज (फेसची खालची कड) फाळासारखी जमिनीत शिरते.

आता उजवीकडे का जातो ते. शाफ्ट जमिनीला तिरका असतो. ग्रिप धरून झाल्यावर नुसते हात टार्गेटच्या दिशेने ढकलले, की क्लबफेस आपोआप थोडा उजवीकडे उघडतो. घरी करून बघा. लीडिंग एज एखाद्या फरशीच्या रेघेला जुळवून क्लब टेकवा, पकड अजिबात न बदलता हात मांडीपलीकडे न्या आणि लीडिंग एजकडे पाहा. रेघ सोडून ती उजवीकडे वळलेली दिसेल.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी क्लबचा तळ जमिनीवर सपाट टेकवा आणि लीडिंग एज टार्गेटला काटकोनात आणा. मग हात चार बोटं पुढे घ्या, फेस पुन्हा टार्गेटकडे सरळ करा आणि त्यानंतर बोटं आवळा. पाय शेवटी. बहुतेक जण आधी पकड घट्ट करतात, पाय रोवतात आणि मग हात सरकवतात, तिथेच सगळं बिघडतं.

ड्रायव्हरचं गणित वेगळं. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे हात बॉलच्या बरोबरीने किंवा तसूभर मागे राहतात आणि ग्रिपचं टोक बेंबीकडे किंवा तिच्या किंचित डावीकडे येतं. इथे हात पुढे ओढले की उजवा खांदाही पुढे खेचला जातो, खांद्यांची रेघ टार्गेटच्या डावीकडे उघडते आणि क्लब बाहेरून आत येतो. स्लाइसचं कारण हेच. शिवाय १०.५ अंशांच्या ड्रायव्हरमधून ४ अंश गेले तर उरलं काय?

ओळंबा

वरच्या उत्तराशी सहमत. अंतर आणि उंचीबद्दल लिहितो, कारण तिकडे फार कमी जण बघतात.

हात ‘ठेवायचे’ नसतातच, लोंबू द्यायचे असतात. क्लबशिवाय उभे राहा, कमरेतून नाही तर खुब्यातून पुढे वाका, गुडघे जरा सैल सोडा आणि दोन्ही हात ओळंब्यासारखे खाली सोडा. तळवे जिथे एकमेकांना सहज भेटतात, तीच आयर्नच्या ग्रिपची जागा. ती खांद्यांच्या बरोबर खाली असते. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यामध्ये वेजला एक मूठ मावते. सात नंबरला मूठ आणि वर ताणलेला अंगठा. ड्रायव्हरला वीतभर, त्याहून जास्त नाही.

तपासणी सोपी आहे. सेटअप घ्या, डावा हात तसाच ठेवा, उजवा ग्रिपवरून काढून पूर्ण सैल सोडा. तो ग्रिपच्या शेजारीच लोंबला तर अंतर बरोबर. मांडीकडे गेला तर तुम्ही बॉलसाठी हात लांबवताय, म्हणजे बॉल लांब आहे. ग्रिपच्या पलीकडे गेला तर अंग फार वाकलंय किंवा बॉल पायात आलाय. ड्रायव्हरला हात थोडे बाहेर जातात, ते चालतं.

उंचीचा अंदाज क्लबच्या टोवरून, म्हणजे डोक्याच्या बाहेरच्या टोकावरून, येतो. सेटअपमध्ये टोखाली एक-दोन नाणी सरकतील एवढी फट हवी, कारण स्विंगमध्ये शाफ्ट खालच्या बाजूला वाकतो आणि टो आपसूक खाली येतो. हात फार उंच धरले, मनगटं कमानीसारखी ताणली, की हील (डोक्याची शाफ्टकडची बाजू) उचलते, टो जमिनीला अडकतो आणि बॉल उजवीकडे. फार खाली धरले की टो वर उचलतो आणि फेस डावीकडे बघतो. लॉफ्ट जितका जास्त तितका हा फरक मोठा. ड्रायव्हरमध्ये जाणवणार नाही, वेजमध्ये ग्रीन (होलभोवतीचं आखूड गवत) चुकेल.

हात सारखे उंच जात असतील तर दोष बहुधा डाव्या पकडीत असतो. ग्रिप तळव्यात नको, बोटांत हवी. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी. ग्रिप तळव्यात गेली की मनगट वाकतच नाही, मग हात वर जाणार नाहीत तर काय?

अजून एक. उजवा हात ग्रिपवर खाली असतो, म्हणून उजवा खांदाही थोडा खालीच असायला हवा. आरशात दोन्ही खांदे एका पातळीत दिसत असतील तर समजा, हात जबरदस्तीने पुढे ढकलले गेलेत.

बंकर_बाउन्स

‘पुढे हात’ हा सल्ला मुळात आला कुठून, ते सांगायला हवं. चांगल्या खेळाडूचा आयर्न बॉलला लागतानाचा फोटो पाहिला तर हात बॉलच्या बरेच पुढे दिसतात. पण ते तिथे पोहोचतात वजन डाव्या पायावर गेल्यामुळे आणि कंबर टार्गेटकडे वळल्यामुळे. तोच फोटो सेटअपमध्ये नक्कल केला, की कंबर वळलेली नाही, वजन मध्यावर, आणि हात तेवढे पुढे. मग खाली येताना मनगटं आधीच सुटतात आणि क्लब बॉलच्या मागे आपटतो. सुरुवातीला हात थोडे कमी पुढे असलेले परवडतात.

स्विंग सुरू करताना हातांना दिलेला हलका पुढचा झटका ही वेगळी गोष्ट. तो अंगाचा ताण घालवायला असतो. बोटभर असेल आणि फेस फिरत नसेल तर खुशाल करा.

चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) करताना मात्र एकच नियम लावू नका. आठ नंबरने बॉल खालून पळवायचा असेल तर बॉल मध्याच्या मागे, वजन ६०-७० टक्के डाव्या पायावर, हात डाव्या मांडीसमोर. वेजने मऊ उतरवायचा असेल तर शाफ्ट जवळपास उभा आणि ग्रिपचं टोक बेंबीकडे, म्हणजे बाउन्स काम करतो. वेजने दरवेळी हात पुढे नेणं ही रुतण्याची हमीच.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) फेस आधी उघडा, मग पकड घ्या. पकड घेऊन मनगटं फिरवून उघडलेला फेस खाली येताना पुन्हा बंद होतो. हात नेहमीपेक्षा खाली, आणि बॉलच्या पुढे अजिबात नाहीत.

नवा_स्टान्स

फरशीच्या रेघेवर करून पाहिलं, लीडिंग एज खरंच उघडते. क्रम बदलतो. ग्रीनवर बॉल घरंगळवायच्या पटरलाही चार बोटंच का?

ओळंबा

नाही. पटरला लॉफ्ट ३-४ अंशच असतो. चार बोटं पुढे गेलात तर तो सगळा संपतो, बॉल गवतात दाबला जातो आणि आधी उडी मारून मग घरंगळतो. शाफ्ट उभा किंवा अंशभर पुढे, बस्स. हात खांद्यांखाली, आणि टार्गेट रेषेच्या मागून पाहिलं तर कोपरापासून खालचा हात आणि शाफ्ट एका सरळ रेषेत.

काहींचा पटर बराच पुढे झुकलेला आणि शाफ्ट डाव्या हाताला टेकवलेला दिसेल. त्या पटरला मुळात लॉफ्ट जास्त दिलेला असतो, साध्या पटरने ती नक्कल करू नका. नियमांत ते बसतं. १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे ती स्ट्रोक करताना ग्रिप पोटाला किंवा छातीला टेकवून ठेवण्यावर. कोपराखालच्या हाताला शाफ्ट टेकवण्यावर नाही, फक्त तो हात मग अंगाला रोवून ठेवायचा नाही.