१६० जीबीच्या म्युझिक प्लेअरमध्ये १४९ जीबीच का दिसतात?

प्रश्न – तानपुरा
नमस्कार. एका परिचितांकडून १६० जीबी हार्ड डिस्कचा जुना म्युझिक प्लेअर विकत घेण्याचा विचार आहे. विंडोजच्या संगणकाला जोडून पाहिला, तेव्हा त्याची एकूण क्षमता जेमतेम १४९ जीबी दिसली. आतील डिस्क बदललेली असेल, की उरलेली ११ जीबी जागा प्लेअरच्या सॉफ्टवेअरने व्यापली असेल? माझा संग्रह मुख्यतः शास्त्रीय संगीताचा आहे; तेव्हा अशा प्लेअरच्या जाहिरातीतील ‘४०,००० गाणी’ या दाव्यावर किती विसंबावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद – खटपट्या
एवढ्यावरून डिस्क बदलली आहे असे म्हणता येणार नाही, आणि सॉफ्टवेअरचाही यात फारसा वाटा नाही. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे दशमान पद्धतीने मोजतात, तर विंडोज १०२४च्या पटीत मोजत असल्यामुळे तिचा १ जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा होतो. १६० अब्ज बाइटांना या संख्येने भागले की १४९.०१ हे उत्तर येते. या दुसऱ्या मापासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ साली ‘गिबीबाइट’ हे वेगळे नाव ठरवून दिले, परंतु विंडोज अजूनही त्यापुढे ‘जीबी’च लिहिते आणि सगळा घोळ तिथेच होतो. हाच प्लेअर २००९ची स्नो लेपर्ड ही ऑपरेटिंग सिस्टीम किंवा तिच्यानंतरची आवृत्ती असलेल्या मॅकला जोडलात, तर आकडा १६०च्या जवळ दिसेल, कारण तेव्हापासून मॅकने दशमान मोजणी स्वीकारली आहे.

प्रतिसाद – जुनी कॅसेट
गणित मान्य आहे, पण ग्राहकाने हा भागाकार दुकानात उभे राहून करावा, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. अमेरिकेत याच मुद्द्यावर सीगेट या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा झाला होता आणि २००७मध्ये चूक मान्य न करताच कंपनीने ग्राहकांना किमतीच्या ५ टक्के परतावा किंवा मोफत सॉफ्टवेअर देऊ केले होते. शिवाय सॉफ्टवेअरचा वाटा नेहमीच नगण्य असतो असे नाही. आयपॉड टच किंवा अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम त्याच साठवणुकीत बसते, त्यामुळे १६ जीबीचे मॉडेल घेणाऱ्याला ही कपात चांगलीच जाणवते. तिथे खोक्यावरचा आकडा खरा असूनही उपयोगाचा नसतो.

प्रतिसाद – विलंबित
माझ्या मते, ७ टक्क्यांच्या या तफावतीपेक्षा गाण्यांच्या संख्येचा दावा अधिक फसवा आहे. २००१ साली पहिला ५ जीबीचा आयपॉड आला तेव्हा ‘हजार गाणी’ हा हिशेब १६० केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १६० किलोबिट) एमपी३ फाइलींवर बेतला होता. पुढे ४०,०००चा आकडा आला, तो १२८ केबीपीएस आणि प्रत्येक गाणे चार मिनिटांचे धरून. अशा गाण्याला ३.८४ एमबी पुरतात. आता ५० मिनिटांचा बडा ख्याल ३२० केबीपीएसमध्ये घ्या: एकच फाइल १२० एमबीची होते, आणि १६० जीबीमध्ये अशा सुमारे १,३३० मैफली मावतात. त्याही एका माणसाला पुष्कळ झाल्या, हा भाग वेगळा. सीडीवरून लॉसलेस, म्हणजे आवाजातले काहीही न गाळणाऱ्या, प्रती करणार असाल तर ही संख्या निम्म्याहूनही खाली जाईल.

तानपुरा
सर्वांचे आभार. माझ्या बहुतेक फाइली फ्लॅक या लॉसलेस प्रकारात आहेत आणि हा प्लेअर आयपॉड क्लासिक आहे. त्या तशाच चालतील का?

खटपट्या
नाही, क्लासिक फ्लॅक वाजवत नाही. त्या एएलएसी या अ‍ॅपलच्या लॉसलेस प्रकारात रूपांतरित कराव्या लागतील. दोन्ही प्रकार लॉसलेस असल्यामुळे आवाजाची प्रत घटणार नाही आणि आकारही साधारण तेवढाच राहील. तुमच्या फ्लॅक संग्रहाचा एकूण आकार विंडोजमध्येच पाहा आणि तो १४९शी ताडून घ्या, म्हणजे दोन्ही आकडे एकाच मापातले असतील.