पाहुण्यांची अंगठी मागून तिच्यावर हातोडी चालवायची, हा विनोद थांबवावा का?

धंतोलीकर (धागा सुरू करणारे)

लग्नसराई तोंडावर आली आहे. नागपुरात हळद, संगीत, पहिला वाढदिवस, कंपनीचं स्नेहसंमेलन, सगळीकडे आता अर्ध्या तासाचा जादूचा कार्यक्रम ठेवतात. त्यात एक प्रयोग हमखास असतो. पाहुण्याची अंगठी मागायची, रुमालात गुंडाळून हातोडीने ठेचायची आणि चपटा तुकडा दाखवत विचारायचं, “काका, इतवारीत कोणी सराफ ओळखीचा आहे का?” हशा पिकला की डबीतली डबी, तिच्यातली डबी उघडत अंगठी सहीसलामत परत.

मला हे थांबायला हवं असं वाटतं. अंगठी मागू नये असं मी म्हणत नाही. उलट मागून घेतलेली वस्तू हीच या प्रयोगाची खरी ताकद आहे, कारण ती जादूगाराच्या पेटीतली नसते. माझा आक्षेप हातोडी, पक्कड आणि पेटत्या भांड्यावर आहे, म्हणजे मालकाच्या घाबरण्यावर हसू मिळवणाऱ्या साधनांवर.

फ्रान्सचा जादूगार रोबेर-हूदँ याने १८४५ मध्ये पॅरिसला स्वतःचं नाट्यगृह सुरू केलं. त्याचं संत्र्याचं झाड जगभर गाजलं. प्रेक्षकाचा रुमाल नाहीसा व्हायचा, यांत्रिक झाडाला फुलं-फळं यायची, खरी संत्री लोकांना वाटली जायची, आणि शेवटचं फळ उमलून दोन फुलपाखरं तो रुमाल वर उचलून धरायची. वस्तू मागून घेतलेलीच, पण तिचे हाल नाहीत. ती कुठून परत येते, यातच सगळी गंमत. संत्र्याच्या शहरात राहून आपण हातोडीवरच अडून बसावं, याचं मला वाईट वाटतं.

आणि आजूबाजूचा काळ पाहा. ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणणारे, ‘आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात ठेवा’ म्हणणारे भामटे यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. अनोळखी माणसाने रुमाल पुढे करून सोनं मागितलं की बाईची मूठ आपोआप आवळते.

पेटीवाला

मी हा प्रयोग करतो, पोटापाण्यासाठी करतो आणि पुढेही करणार.

धंतोलीकर, तुम्ही लॉनवरच्या लग्नाचा विचारच केला नाही. अंगठी रुपयाच्या नाण्याएवढीही दिसत नाही. मागच्या रांगेतल्या माणसाला माझ्या चिमटीत काय आहे हे कसं कळणार? ‘रिंग फ्लाइट’ नावाचा प्रयोग घ्या. अंगठी हातातून जाते आणि खिशातल्या किल्ल्यांच्या पाकिटात, हुकाला अडकलेली सापडते. सुंदर प्रयोग आहे, पण टेबलाभोवती दहा माणसं असतील तर. चारशे लोकांसमोर तो वाया जातो. हातोडी दिसते, तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. मी तर घरचा पितळी खलबत्ता वापरतो. पहिल्या ठणक्यालाच सगळं लॉन गप्प होतं.

घाबरण्याबद्दल म्हणाल, तर पोटात गोळा आल्याशिवाय सुटकेचा श्वास कुठून येणार? अंगठी परत बोटात जाते तेव्हा सर्वांत जोरात हसतो तो तिचा मालकच. शिवाय मी वाटेल त्याच्याकडे मागत नाही. नवरदेवाचा मित्र, एखादा बोलका काका, असा माणूस आधी हेरून ठेवतो. नव्या सुनेकडे किंवा आजीबाईंकडे कधीच नाही.

वर्धा रोड

भाऊ, लोकं तिथं हसाले येतात. आमच्या पुतण्याच्या हळदीत मामाची अंगठी कुटली, अन् मामा आजही सगळ्यायले तेच सांगून राहिले. पेटीवाले भाऊ बरोबर बोलून राहिले. खलबत्ता पाहिजेच.

सराफा लाइन

इतवारीत आमचं दुकान आहे, म्हणून वस्तूबद्दल तेवढं बोलतो.

ठोका मूळ अंगठीवर पडत नाही, हे आम्हालाही समजतं. पण घाईत ती खाली पडते, अरुंद डबीत कोंबली जाते, रुमालाच्या धाग्यात अडकते. २२ कॅरेट म्हणजे शेकडा ९१.६ टक्के सोनं, ते मऊ असतं. साधं वळं असेल तर फारसं बिघडत नाही. खड्याच्या अंगठीत मात्र खडा धरून ठेवणारी बारीक टोकं वाकली, तर खडा त्या रात्री पडत नाही, महिनाभराने भांडी घासताना पडतो. तेव्हा जादूगार कुणाला आठवत नाही, सराफाच्या नावाने शंख होतो.

यापेक्षा मोठा धोका लिंबाचा. लिंबातून अंगठी काढणारे बरेच आहेत. आपल्याकडे मोती आणि पोवळं ग्रहासाठी घालतात. दोन्ही मुळात चुन्याच्या जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. आंबट रस लागला की झळाळी उतरते, आणि मोत्याची उतरलेली झळाळी घासून परत येत नाही. पाचूच्या बारीक भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, त्याला आच सोसत नाही. धंतोलीकर, तुमच्या संत्र्यालाही हेच लागू आहे.

बर्डीची

इथे सगळे करणाऱ्याच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून देणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

माझी अंगठी अशीच मागितली गेली होती. सासरची माणसं समोर, माइक माझ्या तोंडाशी, नाही म्हणायची सोयच नव्हती. आईने दिलेली अंगठी होती. हातोडी पडली तेव्हा मी हसले, कारण सगळे हसत होते. पेटीवाला म्हणतात की मालक सर्वांत जोरात हसतो. ते हसू कसलं असतं, हे त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. अंगठी परत आल्यावर मी उरलेला कार्यक्रम पाहिलाच नाही, खडा तोच आहे ना हे बघत बसले. म्हणजे तुमचा शेवटचा चमत्कार माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही.

धंतोलीकर

बर्डीची, ‘खडा तोच आहे ना’ ही तुमची शंका जादूगाराच्या फार कामाची आहे. २०२१ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक कोरतात आणि तो प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. अंगठी घेण्याआधी मालकानेच आपल्या फोनवर तिच्या आतल्या बाजूचा फोटो काढावा. अंगठी परत आली की तोच फोटो पडद्यावर दाखवावा. लहान वस्तू शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते, आणि अंगठी तीच आहे याचा पुरावा जादूगार देत नाही, मालक देतो. जुन्या अंगठीवर क्रमांक नसेल, पण नाव किंवा तारीख कोरलेली असू शकते.

आवाज आणि आकार हवा हे पेटीवाल्यांचं म्हणणं रास्त आहे. मग कुरडयांचा सोऱ्या घ्या की! अंगठी आत, वरून दाब, खाली कुरडई, आणि कुरडईत अंगठीच नाही. फजिती जादूगाराची होते. तो तोंड पाडून संत्रा बर्फीचा खोका मालकाच्या हातात देतो, ‘नुकसानभरपाई’ म्हणून. अंगठी त्या खोक्यातल्या डबीत, बर्फीला न लागता. मालक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसत राहू शकतो.

पेटीवाला

फोटोचं मला पटत नाही. फोन काढा, चष्मा शोधा, फोकस करा, यात दोन मिनिटं जातात आणि लॉनवर दोन मिनिटांत लोक जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. शिवाय आधीच पुरावा मागितला की लोकांना कळतं, आता अदलाबदल होणार. पाहुण्यांची साधी वळी एकमेकांत साखळीसारखी गुंतवायचा अमेरिकन रिचर्ड हिंबरचा प्रयोग आहे. त्यात तपासणीला शेवटी जागा मिळते, सुरुवातीला नाही. हिशेब सगळा क्रमाचा असतो.

सोऱ्या आवडला. त्याला खलबत्त्याइतका आवाज नाही, हे मात्र खरं.

बर्डीची, तुमच्या तोंडाशी माइक धरून विचारलं तिथेच त्या माणसाचं चुकलं. मी कार्यक्रमाआधी बाजूला जाऊन विचारतो, आणि खड्याची, मोत्याची अंगठी समोरून दिली तरी घेत नाही. साधं वळं असलेला पुरुष शोधतो. पण ज्याने खुशीने दिली, त्याच्यासमोर खलबत्ता वाजणार. सगळेच घाबरतात असं मानून सगळ्यांचीच गंमत काढून घेणं मला मान्य नाही.

बर्डीची

आधी बाजूला जाऊन विचारता, तर तेव्हाच खलबत्त्याचंही सांगता का? की फक्त “अंगठी द्याल का” एवढंच?

पेटीवाला

एवढंच विचारतो. खलबत्ता आधी सांगितला तर प्रयोगात उरलं काय?

बर्डीची

मग त्याने होकार अंगठी द्यायला दिला. कुटायला नाही.

वर्धा रोड

ताईचं म्हणणं आता मले पटून राह्यलं. मामाले इचारून पाहतो, त्या दिवशी त्यायले आतून काय वाटलं होतं ते.